कामगार सोडून जातायत? आधी सुपरवायझरच्या हातात काय दिलंय ते बघा

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, कुठल्याही एमआयडीसीत जा, तक्रार एकच: माणसं टिकत नाहीत. उपाय म्हणून वाढदिवसाचा केक, ‘महिन्याचा उत्कृष्ट कामगार’, हॉटेलात एक दिवसाचं ट्रेनिंग सुचवलं जातं. यातल्या कशानेही कुणी थांबलेला मी पाहिलेला नाही. माणूस राहतो की जातो ते त्याच्या रोजच्या साहेबावर ठरतं, आणि तो साहेब मालक नसतो, लाइनवरचा सुपरवायझर असतो.

यादी करा. गेल्या वर्षभरात राजीनामा दिलेले आणि न सांगता यायचे बंद झालेले, सगळे घ्या. खात्यानुसार नको, सुपरवायझरनुसार लावा. दिवाळीनंतरचे राजीनामे वेगळे काढा. बोनस हातात पडेपर्यंत माणूस कळ काढतो आणि भाऊबीज झाली की कागद देतो. निर्णय पावसाळ्यातच झालेला असतो, तेव्हा फ्लोअरवर काय घडलं ते शोधा.

खरं कारण काढा. जाताना भरून घेतलेला फॉर्म उपयोगाचा नाही. हिशेब (शेवटचं देणं) आणि अनुभवपत्र ज्यांच्या हातात अडकलंय, त्यांच्याविरुद्ध कोण लिहील? सगळे ‘घरगुती कारण’ लिहितात. हिशेब मिळून दोन-तीन महिने झाले की फोन करा. नव्या जागी रुळलेला माणूस मोकळेपणाने बोलतो आणि बहुतेक वेळा एखादीच घटना सांगतो, कुणासमोर काय बोलले त्या शब्दांसकट.

देणं नीट द्या. पगार ७ तारखेच्या आत, ओटी (जादा वेळेचं काम) दुप्पट दराने, २० दिवसांच्या कामामागे एक पगारी रजा. हे कायद्याने द्यायचंच आहे. इथेच काटछाट चालू असेल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही.

आता सुपरवायझर. याच पायरीवर मी फार काळ अडकलो होतो. कारण यादीत सगळ्यात वर जे नाव येतं, ते बऱ्याचदा सगळ्यात जास्त माल काढणाऱ्या सुपरवायझरचंच असतं. प्लँट हेड लगेच सांगतात, ‘त्याला हात लावू नका, डिस्पॅच तोच काढतो’, म्हणजे माल वेळेवर बाहेर पाठवतो. त्याने पळवून लावलेल्या ऑपरेटरच्या जागी आलेला नवा मुलगा मशीनवर बसेपर्यंत किती रिजेक्शन (खराब निघालेला माल) जातं, ते मात्र त्याच्या खात्यावर कुणी मांडत नाही. बोलायला जाण्याआधी तुम्ही मांडा.

बोलताना ‘तुमची वागणूक सुधारा’ असं म्हणू नका. त्यातून त्याला काहीच कळत नाही, फक्त राग येतो. एकच घटना घ्या: अमुक दिवशी, सेकंड शिफ्टला, हेल्परसमोर ऑपरेटरला हे शब्द बोललात. बाजूला घेऊन, दार लावून सांगा आणि मग गप्प बसा. तो आधी म्हणेल, ‘ओरडल्याशिवाय माल निघत नाही.’ वाद घालू नका. थोडा वेळ दिलात की खरं बाहेर येतं: माणसं कमी, गाडी दारात उभी, आणि सकाळच्या मीटिंगमध्ये त्यालाच सगळ्यांसमोर झापलेलं. वरून जे येतं तेच तो खाली ढकलतो. म्हणून माझं ठाम मत आहे की सकाळच्या मीटिंगमध्ये नाव घेऊन रिजेक्शनचे आकडे वाचणं आधी बंद झालं पाहिजे. प्लँट हेड हे मानायला तयार नसतील तर सुपरवायझरला उपदेश करू नका, तो अन्याय आहे.

नुसतं बोलून भागत नाही. तीन गोष्टी त्याच्या एकट्याच्या हातातून काढून घ्या.

पहिली, रजा. अर्ज वरच्या खिशात घडी करून ठेवायचा आणि ‘बघू’ म्हणायचं, याने जितकी माणसं गेली तितकी कमी पगाराने गेली नसतील. नकार परवडतो, ‘बघू’ परवडत नाही. त्याच दिवशी लेखी हो किंवा नाही. नाही असेल तर दुसरी तारीख. सणांच्या रजेचा तक्ता तर आधीच लावावा लागतो. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या कोकणातल्या गाड्या लगेच भरतात. कोकणातल्या मुलाला रजा पंधरा दिवस आधी मंजूर करून काय उपयोग? मृगाच्या पेरणीला गावी जाणारे, आषाढीला वारीत जाणारे, छठला बिहारला जाणारे, सगळ्यांचे दिवस तक्त्यावर दिसू द्या. एकमेकांच्या जागी कोण उभं राहील ते बऱ्याचदा मुलंच आपसात ठरवतात.

दुसरी, ओटी. शिफ्ट सुटायला दहा मिनिटं असताना ‘आज थांबायचं’ हे बंद. जेवणाच्या सुट्टीआधी विचारायचं, आणि नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी टोमणा नाही.

तिसरी आणि सगळ्यात घातक, शिक्षा म्हणून बदली. उलट बोलला म्हणून सीएनसीवरच्या (संगणकावर चालणाऱ्या मशीनवरच्या) मुलाला पॅकिंगला उभं करायचं, सलग नाइट लावायची, म्हणजे तो आपणहून जाईल. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या कायद्याने आकसाने केलेली बदली अनुचित प्रथांच्या यादीतच घातली. त्यामुळे मशीन किंवा शिफ्ट बदलताना कारण रजिस्टरला लिहा आणि सुपरवायझरबरोबर दुसऱ्याची सही घ्या. कारण लिहायचं म्हटलं की निम्म्या बदल्या आपोआप थांबतात.

सुपरवायझरला तीन-चार महिने द्या. दर आठवड्याला पाच मिनिटं त्याच्याशी बोला, जिथे सुधारलाय ते आवर्जून सांगा. तरीही फरक नसेल तर पगार न कापता त्याला टूल रूमला (हत्यारं-साचे तयार करण्याच्या खात्याला) किंवा प्रोसेसच्या कामाला द्या. काहींना मशीन उत्तम कळतं, माणसं कळत नाहीत. डिस्पॅचच्या भीतीने त्याला तिथेच ठेवलात, तर त्याच्या हाताखालचे सगळे समजून जातात की तक्रार करण्यात अर्थ नाही.

राजीनामा आल्यावर पगार वाढवून अडवू नका. शेजारच्या मशीनवरचा लगेच शिकतो की वाढ हवी तर कागद द्यायचा. वाढ द्यायचीच होती तर आधी का नाही दिली?

जाणाऱ्याला नीट जाऊ द्या. हिशेब वेळेवर, अनुभवपत्र शेवटच्या दिवशी हातात. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख लगेच भरा. तुम्ही भरली नाहीत तर ती स्वतः भरण्यासाठी त्याला दोन महिने थांबावं लागतं आणि तोवर त्याचं पीएफचं काम अडतं. राहिलेले कामगार त्याच्याशी फोनवर बोलतच असतात.