साखर न घालता स्ट्रॉबेरीचा चक्का

घरच्या श्रीखंडात चक्क्याच्या जवळपास बरोबरीनं साखर पडते. कार्ब, म्हणजे कर्बोदकं, वाढतात ती त्या साखरेनं, चक्क्यानं नव्हे. दही टांगलं की निवळीबरोबर दुधातली बरीचशी साखरही निघून जाते, म्हणून चक्का दह्यापेक्षा घट्ट तर होतोच, शिवाय कार्बही कमी.

म्हशीच्या दुधाचं, साय न काढलेलं अर्धा किलो दही मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्येच टांगा. बाहेर टांगलं तर आंबट होतं आणि मग गोडी आणायला जास्त काहीतरी घालावं लागतं. सकाळी साधारण 200 ग्रॅम चक्का मिळेल. तो पुरणयंत्रातून काढा, दोन चमचे ताजी साय आणि वेलदोड्याची पूड घालून फेटा. मिक्सर नको, चक्का पातळ होतो.

फळ म्हणाल तर हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. 100 ग्रॅममध्ये कार्ब जेमतेम 8 ग्रॅम, आंब्यात 15, केळ्यात 23 च्या आसपास. पूर्ण लाल, देठापाशीही पांढरी नसलेली घ्या, तीच गोड निघते. धुऊन अगदी कोरडी पुसा. निम्मी काट्यानं ठेचून चक्क्यात मिसळा, निम्म्या फोडी वरून. हे वाढायच्या आधी दहा मिनिटंच करा, नाहीतर फळाला पाणी सुटतं.

गोडी कमी वाटली तर चिमूटभर स्टीव्हिया (साखरेऐवजी वापरायची, वनस्पतीपासून काढलेली गोड पूड) पुरे. मध किंवा गूळ घातलात तर कार्ब परत आलेच. निवळी कढीत वापरा, पण त्यात दुधाची साखर उतरलेली असते हे मधुमेहींनी ध्यानात ठेवावं.