महापौरपदाच्या निवडणुकीत माध्यमांचा आणि प्रस्थापितांचा प्रभाव कसा तपासावा

मोठी वृत्तपत्रे आणि धनिक ज्याला उचलून धरतात तोच महापौर होतो, असे मानणारा वाचक आणि माध्यमांना आता कोणी विचारत नाही, असे मानणारा वाचक एकाच ठिकाणी चुकतात. दोघेही प्रभावाचा माग काढण्यासाठी मतमोजणीचे आकडे पाहतात. प्रत्यक्षात हा प्रभाव मतदानाच्या बराच आधी आपले काम करून जातो. कोणाला गंभीर उमेदवार म्हणायचे, शहराचा मुख्य प्रश्न कोणता मानायचा आणि प्रचाराचा खर्च कोणी उचलायचा, या तीन गोष्टी आधीच ठरलेल्या असतात आणि मतदार त्यानंतर केंद्रावर पोहोचतो. म्हणून ज्याला हा प्रभाव खरोखर तपासायचा आहे, त्याने नोंदींची वही निकालाच्या दिवशी नव्हे, तर इच्छुकांची नावे चर्चेत येऊ लागतात तेव्हाच उघडावी आणि प्रत्येक नोंदीवर तारीख घालावी. न्यूयॉर्कची 2025 सालची निवडणूक या अभ्यासासाठी सर्वांत सोयीची आहे, कारण तिथे प्रस्थापितांचे जवळजवळ सगळे मार्ग वापरले गेले आणि तरीही ते हरले.

आधी नियम वाचावेत

मतदान कोण करू शकतो आणि मते कशी मोजली जातात, हे कळल्याशिवाय प्रभावाबद्दल बोलण्यात अर्थ नाही. न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, त्या पक्षाचे नोंदणीकृत मतदारच मत देऊ शकतात आणि 2021 पासून तिथे पसंतीक्रमाने मतदान होते, म्हणजे मतदार पाच जणांपर्यंत नावे क्रमाने लिहू शकतो आणि मागे पडलेला उमेदवार प्रत्येक फेरीत बाद होऊन त्याची मते पुढच्या पसंतीकडे जातात. या पद्धतीत एखाद्या अग्रलेखाने पहिली पसंती मिळवून दिली नाही, तरी दुसरी किंवा तिसरी मिळवून देता येते, आणि चुरशीच्या लढतीत तेवढे पुरते. उमेदवारी ठरवण्याची पद्धत त्याहून महत्त्वाची असते. लंडनच्या पहिल्या थेट महापौर निवडणुकीत, 2000 साली, मजूर पक्षाने आपला उमेदवार एका निर्वाचक मंडळामार्फत निवडला. त्यात खासदारादी मंडळींच्या मतांना सामान्य सदस्यांच्या मतांच्या तुलनेत प्रचंड वजन होते. सदस्यांचा कौल केन लिव्हिंगस्टन यांच्याकडे असूनही उमेदवारी फ्रँक डॉब्सन यांना मिळाली. लिव्हिंगस्टन अपक्ष उभे राहून जिंकले आणि डॉब्सन तिसऱ्या क्रमांकावर गेले. पक्षश्रेष्ठींचा प्रभाव इतक्या स्पष्टपणे नियमांत लिहिलेला क्वचितच सापडतो, पण शोधायचा तो तिथेच.

अग्रलेख आणि बातमी वेगळी वाचावी

वृत्तपत्राने कोणाला पाठिंबा दिला, हे सर्वांत ठळक दिसते आणि म्हणूनच त्याला अवाजवी महत्त्व मिळते. त्याचे मोल ठरवताना एकच प्रश्न विचारावा, तो म्हणजे मतदाराला या उमेदवाराबद्दल आधीपासून किती माहिती होती. 2021 च्या प्राथमिक निवडणुकीत शहराच्या स्वच्छता विभागाच्या माजी प्रमुख कॅथरिन गार्सिया जनमत चाचण्यांमध्ये मागे होत्या. मे महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सने त्यांना पाठिंबा दिला, नंतर डेली न्यूजनेही दिला, आणि त्या वेगाने वर आल्या. अखेरच्या फेरीत एरिक ॲडम्स यांच्याकडून त्या केवळ 7,197 मतांनी हरल्या. उमेदवारांची गर्दी, बहुतेक नावे अपरिचित आणि मतदार गोंधळलेला, अशा स्थितीत वजनदार वृत्तपत्राचा शब्द कामी येतो. 2025 मधले उमेदवार अँड्र्यू कुओमो यांच्यासारखा दहा वर्षे राज्यपाल राहिलेला माणूस रिंगणात असतो, तेव्हा त्याच्याबद्दल प्रत्येकाचे मत आधीच तयार असते आणि अग्रलेखाला फारसे काही करता येत नाही. जुना दाखला हवा असेल, तर 1977 चा आहे. रूपर्ट मर्डॉक यांनी नुकत्याच विकत घेतलेल्या न्यूयॉर्क पोस्टने एड कॉच यांना उचलून धरले, आणि कॉच यांनी पुढे आपल्या विजयाचे मोठे श्रेय त्या पाठिंब्याला मोकळेपणाने दिले. कॉच हे त्या वेळी अमेरिकी संसदेचे, म्हणजे काँग्रेसचे, सदस्य असले, तरी शहरभर ओळखला जाणारा चेहरा नव्हते.

पाठिंबा न देण्याचाही एक प्रकार असतो. न्यूयॉर्क टाइम्सच्या संपादकीय मंडळाने 2024 साली स्थानिक निवडणुकांत पाठिंबा देणे थांबवल्याचे जाहीर केले, आणि तरीही जून 2025 मध्ये, मतदानाच्या सुमारे आठवडाभर आधी, कुओमो यांचे प्रतिस्पर्धी झोहरान ममदानी हे मतपत्रिकेवर स्थान देण्याच्या योग्यतेचे नाहीत, असा अग्रलेख लिहिला. त्यात कुओमो यांच्यावरही टीका होती, पण कोणाला वगळावे याचा सल्ला एकाच नावाबद्दल इतका थेट होता. पसंतीक्रमाच्या पद्धतीत वगळण्याचा सल्ला हा पाठिंब्याइतकाच ठोस असतो, हे वाचकाने लक्षात घ्यावे.

बातम्यांच्या पानाची तपासणी याहून अवघड आहे, आणि माझ्या मते अधिक फलदायी. इथे बातमी खरी की खोटी, एवढे पाहून भागत नाही. ती आत्ताच का आली, कोणी पुरवली आणि कोणत्या प्रश्नाची जागा तिने घेतली, हे पाहावे लागते. जुलै 2025 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने, ममदानी यांनी 2009 साली कोलंबिया विद्यापीठाच्या प्रवेश अर्जात वंशाच्या रकान्यांत काय भरले होते, याची बातमी दिली. ममदानी यांनीही तो तपशील नाकारला नाही. परंतु ती माहिती विद्यापीठातून चोरीला गेलेल्या नोंदींतून आली होती आणि ती पुरवणाऱ्या मध्यस्थाची ओळख वाचकांना केवळ टोपणनावाने करून दिली होती. बातमी अचूक असूनही तिच्या प्रवासाबद्दल प्रश्न उरतो, आणि त्या काळात पत्रकारांमध्येही याच मुद्द्यावर वाद झाला.

वादचर्चांमधील प्रश्नांचीही अशीच यादी करावी. जूनमधल्या पहिल्या दूरचित्रवाणी चर्चेत उमेदवारांना विचारले गेले की महापौर झाल्यावर ते पहिली परदेशवारी कोणत्या देशाची करतील. अनेकांनी इस्रायलचे नाव घेतले. ममदानी यांनी आपण शहरातच राहू, असे उत्तर दिले आणि त्यावर उपप्रश्नांची सरबत्ती झाली. घरभाडे, बसभाडे आणि पाळणाघर हे ज्यांच्या प्रचाराचे विषय होते, त्यांचा किती वेळ परराष्ट्र धोरणावर गेला, हे मिनिटांत मोजता येते. असे मोजमाप करणारा वाचक पक्षपाताच्या सरसकट आरोपांपेक्षा बरेच पुढे जातो.

पैसा कोणत्या वाटेने आला

न्यूयॉर्कमध्ये उमेदवाराला दोन प्रकारे पैसा पोहोचतो आणि दोन्हींचे हिशेब जाहीर असतात. शहरातील रहिवाशाच्या छोट्या देणगीच्या पहिल्या 250 डॉलरवर महापालिकेच्या निधीतून आठपट रक्कम मिळते, म्हणजे 250 डॉलरमागे 2,000 डॉलर. मात्र ही योजना स्वीकारणाऱ्यावर खर्चाची मर्यादा येते. ममदानी यांची ती मर्यादा मार्च 2025 मध्येच गाठली जाण्याच्या बेतात होती, म्हणून त्यांनी समर्थकांना आता पैसे पाठवू नका, असे सांगितले. दुसरी वाट सुपर पॅकची, म्हणजे देणग्या जमवून उमेदवारापासून स्वतंत्रपणे प्रचार करणाऱ्या समितीची. तिला मर्यादा नाही. तिने उमेदवाराशी संगनमत करू नये, एवढीच अट असते. कुओमो यांच्या बाजूने काम करणाऱ्या फिक्स द सिटी या सुपर पॅकने प्राथमिक निवडणुकीत सुमारे अडीच कोटी डॉलर जमवले. त्यातले सुमारे 83 लाख एकट्या माजी महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांचे होते.

देणगीदारांची यादी वाचताना रकमेच्या शेजारी त्यांचा व्यवसाय आणि शहराशी असलेले काम लिहावे. बांधकाम व्यावसायिकाला भाडेनियंत्रणाची चिंता असते आणि घरपोच सेवा देणाऱ्या कंपनीला कामगारांच्या किमान मोबदल्याची. त्यानंतर जाहिरातींचा मजकूर उमेदवाराच्या संकेतस्थळावरच्या मजकुराशी ताडून पाहावा. उमेदवार आपल्या संकेतस्थळावर मुद्दे उघडपणे मांडतो आणि सुपर पॅक तेच उचलून जाहिरात करते, ही जुनी युक्ती आहे. मे 2025 मध्ये अशाच संशयावरून शहराच्या प्रचार वित्त मंडळाने कुओमो यांचे सहा लाखांहून अधिक डॉलरचे अनुदान रोखून धरले होते. आता पैशाने निवडणूक जिंकता येते का, तर लॉस एंजेलिसमध्ये 2022 साली रिक कारुसो यांनी दहा कोटींहून अधिक डॉलर खर्चले आणि ते कॅरेन बास यांच्याकडून हरले. पण नवख्या उमेदवाराला थेट अंतिम लढतीपर्यंत पैशानेच नेले, हेही त्याच वहीत लिहावे.

चाचण्या आणि ‘इलेक्टिव्ह मेरिट’

चाचणी वाचताना आघाडीवर कोण, यापेक्षा ती कोणत्या काळात आणि कोणत्या गटात घेतली, हे पाहावे. सुरुवातीच्या चाचण्या बहुतेक वेळा नावाची ओळख मोजतात. कुओमो मार्च 2025 मध्ये रिंगणात उतरले तेव्हापासून ते पुढे होते, आणि ‘हेच निवडून येतील’ या वाक्याच्या आधारे देणग्या, कामगार संघटनांचे पाठिंबे आणि बातम्यांतली जागा त्यांच्याकडे वळली. प्रस्थापितांचा खरा लाभ इथे असतो, कारण निवडून येण्याची क्षमता हा निष्कर्ष आहे की प्रचार, हे ठरवणे कठीण होते. एमर्सन या चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या अखेरच्या चाचणीने पहिल्या फेरीत कुओमो यांना 35 विरुद्ध 32 असे पुढे दाखवले, पण पसंतीक्रमाच्या अखेरच्या फेरीत ममदानी यांना 52 टक्के दिले. त्या आठवड्यात केवळ पहिला आकडा वाचणारे गाफील राहिले.

पाठिंब्याची तारीख आणि मौन

प्राथमिक निवडणुकीत ममदानी अखेरच्या फेरीत सुमारे 56 टक्के मते घेऊन विजयी झाले आणि पक्षाचे अधिकृत उमेदवार ठरले. पुढचे चार महिने पाठिंब्याच्या तारखा पाहण्यासारख्या आहेत. राज्यपाल कॅथी होकल यांनी सप्टेंबरच्या मध्यात पाठिंबा दिला. प्रतिनिधिगृहातील पक्षनेते हकीम जेफ्रीज यांनी 24 ऑक्टोबरला, म्हणजे मुदतपूर्व मतदान सुरू होण्याच्या आदल्या दिवशी दिला. सिनेटमधील नेते चक शूमर यांनी शेवटपर्यंत कोणाचेच नाव घेतले नाही. आपल्याच पक्षाच्या विजयी उमेदवाराबाबत असे मौन पाळले जाते, तेव्हा कुंपणावर बसलेल्या देणगीदारांना त्यातून पुरेसा इशारा मिळतो. म्हणून वहीत पाठिंब्यांइतकीच जागा मौनाला द्यावी.

ही सारी तपासणी अशा शहरांसाठी आहे, जिथे मोजणीवर विश्वास ठेवता येतो. इस्तंबूलमध्ये मार्च 2019 मध्ये मोजणी चुरशीची झाली असताना सरकारी वृत्तसंस्था अनादोलूने रात्री आकडे देणेच थांबवले. अखेर विरोधी पक्षाचे एकरेम इमामोग्लू सुमारे 13 हजार मतांनी पुढे राहिले, पण नंतर निवडणूक रद्द झाली. जूनमधल्या फेरनिवडणुकीत ते सुमारे आठ लाख मतांनी जिंकले. तिथे प्रभाव नव्हे, तर हस्तक्षेप हा शब्द वापरावा आणि नोंदीही वेगळ्या ठेवाव्यात.

निकालानंतरचे पान

4 नोव्हेंबर 2025 ला वीस लाखांहून अधिक लोकांनी मतदान केले. 1969 नंतर एवढे मतदान झाले नव्हते. ममदानी निम्म्याहून थोडी अधिक मते घेऊन निवडून आले. इथे वही मिटण्याचा मोह टाळावा. नव्या महापौराने आधीचे महापौर ॲडम्स यांनी नेमलेल्या पोलीस आयुक्त जेसिका टिश यांनाच कायम ठेवले. श्रीमंतांवरील प्राप्तिकर वाढवायचा तर त्याला राज्य विधिमंडळाची आणि राज्यपालांची संमती लागते, आणि शहरातल्या बसगाड्या चालवणारे परिवहन प्राधिकरणही राज्याच्या अखत्यारीत आहे. प्रचारात कोणी काय वचन दिले, ते पूर्ण करण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे आणि त्या व्यक्तीने पाठिंबा कधी दिला होता, हे तीन रकाने शेजारी शेजारी आखून पुढची चार वर्षे भरत राहावेत.