पावसाळी सल्ला : सशाचं पोट फुगलं तर सकाळची वाट बघू नका

पाऊस लागला की मुंबईत सशांची पोटं बिघडू लागतात. त्यात ससे दगावतात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. संध्याकाळी ससा खात नाही हे घरात सगळ्यांना दिसलेलं असतं, पण "सकाळी बघू" म्हणून त्याला तसंच ठेवतात. सकाळी कान गार, अंग गार. पूर्ण वाढलेला ससा दहा-बारा तास उपाशी असेल किंवा लेंड्या थांबल्या असतील तर तेवढ्यावरच धावपळ सुरू करा. कुत्र्यामांजराचा हिशेब इथे चालत नाही. सशाला उलटी होत नाही. आतडं मंदावलं की खाल्लेलं आत आंबतं, गॅस धरतो, पोट दुखतं म्हणून तो खात नाही आणि न खाल्ल्याने आतडं आणखी मंदावतं.

म्हणून रोज लेंड्या बघा. चांगल्या लेंड्या हरभऱ्याएवढ्या, गोल, एकसारख्या असतात. मोडल्या तर आत गवताचा भुसा दिसतो. त्या बारीक, काळपट, वेड्यावाकड्या झाल्या किंवा केसांनी एकमेकींना जोडलेल्या निघाल्या की समजा, गडबड सुरू झाली. मऊ, चकचकीत, घोसाने येणाऱ्या लेंड्या वेगळ्या. त्या ससा स्वतः खातो, खाऊ द्या.

खाण्यात ८० टक्क्यांहून जास्त वाळलेलं गवत हवं. दुकानदार रंगीत दाण्यांचं मिक्स, पोटाचं टॉनिक, चाटायचे खडे गळ्यात मारतात. यातलं काहीही लागत नाही आणि दाण्यांनी गॅस वाढतोच. परदेशी टिमोथी गवत परवडलं तर घ्या, नाहीतर तबेल्याला गवत पुरवणाऱ्याकडचं हिरवट, सुवासिक, कोरडं गवतही चालतं. भाताचा पेंढा अंथरायला ठेवा. कुबट वास आला तर पूर्ण गठ्ठा टाका, वरचं काढून खालचं देऊ नका.

पावसाळ्यातली पालेभाजी हा माझा खास संशय. प्लास्टिकच्या पिशवीतून आलेली कोथिंबिरीची जुडी सोडून मधोमध हात घाला. आत ऊब लागली तर ती सशाला नको, वरून कितीही टवटवीत दिसली तरी. यावर मी कुठे लिहिलेलं वाचलं नाही, पण अशा जुडीनंतर पोटं फुगलेली पाहिली आहेत.

रोजची कामं :
– गवत दिवसभर समोर; साठा गोणपाटात, जमिनीपासून उंच
– पेलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) पूर्ण वाढलेल्या सशाला किलो वजनामागे २५ ग्रॅमपर्यंत
– पाणी वाडग्यात
– लसूणघास ससा सहा महिन्यांचा झाल्यावर बंद
– कोबी, फ्लॉवर, पोळी, बिस्कीट, पाव नाही
– केस गळताना रोज विंचरणं

ससा अंग चोरून बसला, दात करकरू लागला, पोट जमिनीला दाबू लागला तर आधी डॉक्टरांना फोन. बाळांच्या गॅसच्या थेंबांतलं सिमेथिकोन रक्तात शोषलं जात नाही. डॉक्टर ते साधारण एका वेळी ६५ ते १३० मिलिग्रॅम, तासातासाने दोन-तीनदा द्यायला सांगतात. एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम ते बाटलीवर वाचून द्या. याने गॅस फुटतो, आतडं चालू होत नाही, त्यामुळे थेंब देऊन झोपी जाऊ नका. अंग गार असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. पोट टणक फुगलेलं असेल तर तोंडात काही भरवू नका, चोळूही नका. आत अडथळा असू शकतो. घरातलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तर तोंडाने कधीच नाही, त्याने ससा मरू शकतो.

भरतीच्या दिवशी मुसळधारेचा इशारा असेल आणि दुपारी सशाने गवताला तोंड लावलं नसेल, तर लोकल चालू आहेत तोवरच निघा. ससे बघणारा डॉक्टर कोण, रात्री कोण असतं, हे परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात आणि जवळच्या दवाखान्यात आजच विचारून ठेवा. गणपतीत ढोल-ताशाच्या आवाजानेही ससे खाणं सोडतात, तेव्हा पिंजरा रस्त्याकडच्या गॅलरीतून आतल्या खोलीत घ्या. दवाखान्यात जाताना शेवटच्या लेंड्या कागदात बांधून न्या आणि सशाने शेवटचं किती वाजता खाल्लं ते लिहून न्या.