लिथियम-सीझियम मिश्रणात एफिमोव्ह शिडी कशी मोजायची

अतिथंड अणूंमधील परस्परक्रिया पुरेशी प्रबळ झाली की तीन अणूंच्या बद्ध अवस्थांची एक मालिका तयार होते आणि प्रत्येक अवस्था आधीच्याहून ठरावीक पटीने मोठी असते; हीच एफिमोव्ह शिडी. एकसारख्या तीन बोसॉन्समध्ये (एकाच क्वांटम अवस्थेत एकत्र राहू शकणाऱ्या कणांमध्ये) तिची पुढची पायरी 22.7 पट लांबीवर येते, त्यामुळे दोन पायऱ्या पाहतानाही दमछाक होते. दोन जड आणि एक हलका अणू घेतला की हा आकडा खाली येतो. लिथियम-6 आणि सीझियम-133 साठी तो 4.88 आहे. पोटॅशियम-41 आणि रुबिडियम-87 साठी मात्र सुमारे 131, म्हणून शिडीच पाहायची असेल तर ती जोडी टाळा.

दोन्ही अणू सर्वांत खालच्या हायपरफाइन (केंद्रक आणि इलेक्ट्रॉनच्या स्पिनने ठरणाऱ्या) अवस्थेत आणा. लिथियमची दुसरी स्पिन-अवस्था प्रकाशाच्या स्पंदाने पूर्ण उडवून द्या. ती उरली तर लिथियमचा स्वतःचा 832 गॉसचा (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) रुंद रेझोनन्स, म्हणजे अणूंची परस्परक्रिया अतिशय वाढते ते क्षेत्र, लिथियम-सीझियमच्या 843 गॉसच्या रेझोनन्सजवळील तुमच्या मोजणीत घुसतो आणि अणूंची भलतीच घट दिसते.

तापमान 100 नॅनोकेल्विनच्या आसपास हवे. पण इतक्या थंड, ढिल्या ट्रॅपमध्ये गुरुत्वाकर्षण ढगांची ताटातूट करते. सीझियमची उभी वारंवारता 100 हर्ट्झ असेल तर त्याचा ढग सुमारे 25 मायक्रोमीटर खाली लटकतो. 1064 नॅनोमीटरच्या ट्रॅपमध्ये लिथियम जेमतेम 5 मायक्रोमीटर उतरते. ढगांची रुंदीच 10 मायक्रोमीटरच्या घरात असल्याने ते नीट मिसळत नाहीत आणि घट खोटीच कमी दिसते. उपाय म्हणजे सीझियमच्या 894 नॅनोमीटर रेषेपेक्षा थोड्या लांब तरंगलांबीची दुसरी किरणशलाका. ती सीझियमला जोरात धरते, लिथियमला फारशी जाणवत नाही.

चुंबकीय क्षेत्र 843 गॉसच्या वरच्या बाजूने, म्हणजे ऋण प्रकीर्णन लांबीकडून आणा (ही लांबी दोन अणूंच्या परस्परक्रियेची तीव्रता सांगते). ढग ठरावीक वेळ धरून ठेवा आणि उरलेले अणू मोजा. धरण्याचा वेळ असा निवडा की रेझोनन्सवर अर्ध्याहून अधिक लिथियम जाणार नाही, नाहीतर शिखर सपाट होते. सीझियम एकट्यानेही घटतो, म्हणून लिथियमशिवायची नियंत्रण-मोजणी प्रत्येक क्षेत्रमूल्याला घ्या. ती वजा केल्यावर दर लिथियममागे दोन सीझियम गेलेले दिसले तरच घट तीन अणूंच्या टक्करीची माना.

शिडीच्या पायरीमुळे घट वाढते असा पहिला रेझोनन्स 849 गॉसजवळ, सुमारे −320 बोर त्रिज्यांच्या (हायड्रोजन अणूच्या आकारावरून घेतलेले लांबीचे एकक) प्रकीर्णन लांबीवर मिळतो. दुसरा सुमारे −1700 वर, ध्रुवापासून (प्रकीर्णन लांबी अनंत होते त्या सुमारे 843 गॉसच्या क्षेत्रापासून) अवघ्या 1 गॉसवर. तिसरा −8000 च्या आसपास, म्हणजे ध्रुवापासून फक्त 0.2 गॉसवर. तिथे ध्रुवाच्या स्थानात 50 मिलिगॉसची चूक झाली तर लांबी पाव हिश्श्याने चुकते. म्हणून ध्रुव घटीच्या शिखरावरून ठरवू नका. दुर्बल बद्ध रेणूची बंधनऊर्जा रेडिओ-वारंवारतेने मोजून काढा. पहिल्या दोन पायऱ्यांचे गुणोत्तर 4.88 पेक्षा थोडे जास्त आले तर घाबरू नका: पहिली पायरी व्हॅन डर वाल्स लांबीच्या (अणूंमधील बलाच्या पल्ल्याच्या) फार जवळ आहे, तिथे सार्वत्रिक नियम अजून पुरता लागू होत नाही.