८० एमबीचा रिपोर्ट ८ एमबीत

मी प्रॉपर्टी व्हॅल्युएशनच्या ऑफिसात रिपोर्ट बनवते. बँकेकडे कर्जासाठी फ्लॅट, बंगला, गाळा काहीही आलं की आमची मुलं साइटवर जाऊन वीसेक फोटो काढून आणतात. दर्शनी भाग, समोरचा रस्ता, जिना, ओटा, गच्ची, लाइटचं मीटर. हल्लीच्या फोनचा फोटो सहज ४ एमबीचा असतो, म्हणजे २० फोटोंचे ८० एमबी. जीमेलची ॲटॅचमेंटची मर्यादा २५ एमबी, आणि मेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. त्यामुळे रिपोर्ट १८ च्या आत बसवायचा, आणि समोरच्याच्या मेलचा भरवसा नसेल तर १० च्या आत.

बहुतेक जण फोटो वर्डमध्ये टाकतात आणि कोपरा धरून लहान करतात. त्याने फोटो लहान दिसतो, फाइल बहुतेक वेळा आहे तेवढीच राहते. क्रॉप करूनही तेच. कापलेला भाग वर्ड आत जपून ठेवतं. म्हणून फोटो वर्डमध्ये जायच्या आधीच लहान करायचे.

किती लहान? कागदावरून ठरवा. ए-फोर पानावर एकाखाली एक दोन फोटो लावले तर एकाची रुंदी १५ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम ६ इंच. इंचाला २२० पिक्सेल छपाईला पुरतात, म्हणजे हिशेब १३०० च्या आसपास येतो. मी लांब बाजू १६०० ठेवते. फोनचा फोटो ४००० बाय ३००० असतो, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. १६०० बाय १२०० केला की १९ लाख २० हजार उरतात. क्वालिटीला हात न लावताच वजन इतकं उतरतं.

१०२४ वर गेलात तर आणखी हलकं होईल, पण आमच्याकडे ते चालत नाही. आमचे फोटो जिओटॅगवाल्या ॲपमधून येतात. खालच्या पट्टीत तारीख, पत्ता, अक्षांश-रेखांश बारीक अक्षरात छापलेले असतात. १०२४ ला त्यातला ३ आणि ८ सारखाच दिसायला लागतो. मीटरच्या नंबरचंही तेच. तुमच्या कामात जे सगळ्यात बारीक वाचावं लागतं, त्याच्यावर आकडा ठरवा, दर्शनी भिंतीवर नव्हे.

सॉफ्टवेअर म्हणाल तर विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज घ्या. ते फुकट आहे आणि ऑफिसच्या कामालाही फुकट आहे. इरफानव्ह्यू मलाही आवडतं, पण ते फुकट फक्त घरगुती वापराला. धंद्यासाठी लायसन्स घ्यावं लागतं, हे कोणी सांगत नाही.

पॉवरटॉइज टाकलं की फोल्डरमधले सगळे फोटो सिलेक्ट करायचे, राइट क्लिक करून इमेज रिसायझर उघडायचा. कस्टममध्ये १६०० बाय १६०० आणि ‘फिट’. दोन्हीकडे १६०० दिल्याने आडवा-उभा असा भेद राहत नाही, लांब बाजू आपोआप १६०० होते. लहान फोटो मोठे करू नयेत, या पर्यायावर टिक हवी. मूळ फोटोच बदलण्याच्या पर्यायावर मात्र टिक नको. मेटाडेटा, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेली माहिती, काढून टाकण्याच्या पर्यायावरही नको, तारीख-वेळ त्यातही असते. जेपेग (फोटोंचा नेहमीचा फाइल-प्रकार) क्वालिटी सेटिंगमध्ये जाऊन ८० करा. या आकड्याला टक्के समजू नका. ९५ वरून ८० वर आलं की फाइल खूप उतरते आणि डोळ्याला फरक कळत नाही. ६० ला मात्र ग्रिलच्या गजांभोवती आणि अक्षरांभोवती गढूळपणा येतो. मॅकवर प्रिव्ह्यूमधल्या ‘ॲडजस्ट साइझ’ने आकार लहान करता येतो, पण तिथे मूळ फोटोच बदलतो, म्हणून कॉपीवर करा.

यातून एकेक फोटो साधारण ३०० ते ५०० केबीचा निघतो. झाडं, खडी, जाळी असलेले जास्त भरतात, रंगवलेली कोरी भिंत कमी.

लहान केलेला फोटो पुन्हा लहान करू नका. जेपेग प्रत्येक वेळी सेव्ह करताना थोडं गमावतं. आकार बदलायचा असेल तर मूळ फोटोपासून सुरुवात करा. म्हणूनच साइटवरच्या मुलांना मी व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला लावते. नेहमीसारखा पाठवला तर तो आधीच चेपला जातो आणि मेटाडेटाही जातो. तरी कोणी ना कोणी तसाच टाकतोच, मग फोन करा, परत मागवा.

सातबाऱ्याचा किंवा नकाशाचा स्क्रीनशॉट या घाण्यात घालू नका. तो पीएनजी या फाइल-प्रकारातच राहू द्या, जेपेग केला की अक्षरं फुटतात. नको असलेला भाग आधीच कापा, बस्स.

फोटो आधीच वर्डमध्ये टाकून बसला असाल तर फोटोवर क्लिक करून पिक्चर फॉरमॅटमध्ये ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ घ्या. ‘फक्त याच फोटोला’ची टिक काढा, कापलेले भाग काढून टाकायची टिक ठेवा आणि २२० पीपीआय (म्हणजे इंचाला २२० पिक्सेल) निवडा. शेवटी पीडीएफ करताना ‘मिनिमम साइज’ निवडू नका, इथवर जपलेले आकडे तिथे पुसट होतात. स्टँडर्डच ठेवा, आणि पाठवण्याआधी मीटरचा फोटो १०० टक्के झूमवर एकदा वाचून बघा.