नेदरलँड्सला निघालेल्या नाशिककरांसाठी : आरोग्यविम्याच्या हप्त्याला मिळणारे सरकारी साहाय्य

दिवाळीत मी गंगापूर रोडवरच्या घरी आलो की नेदरलँड्सला निघालेला एखादा मुलगा किंवा मुलगी आईवडिलांसह कागदांची फाइल घेऊन भेटायला येते. थंडीचे कपडे, कुकर, मसाले यांविषयी सविस्तर बोलणे होते. आरोग्यविम्याचा विषय मात्र ‘इथूनच पॉलिसी काढून दिली आहे’ एवढ्या एका वाक्यात संपतो. खरी अडचण तिथेच सुरू होते, म्हणून चौदा वर्षांच्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

नेदरलँड्समध्ये राहून नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला तिथल्या खासगी विमा कंपनीकडून कायद्याने ठरवून दिलेला मूलभूत आरोग्यविमा घ्यावाच लागतो. नाशिकहून काढून नेलेली प्रवासविम्याची पॉलिसी त्याच्या जागी चालत नाही. २०२५मध्ये या विम्याचा हप्ता दरमहा दीडशे युरोंच्या आगेमागे होता. त्याखेरीज वर्षाच्या उपचारखर्चातले पहिले ३८५ युरो आपल्यालाच भरावे लागतात, घरच्या डॉक्टरांची भेट मात्र त्यातून वगळलेली आहे. अठरा वर्षांखालील मुलांना हप्ता नाही. कमी उत्पन्नाच्या माणसाला हा भार पेलावा म्हणून सरकार दरमहा जी रक्कम देते, तिला डच भाषेत ‘झोर्खतूस्लाख’ म्हणतात. एकट्या व्यक्तीला २०२५मध्ये ती जास्तीत जास्त १३१ युरो आणि जोडप्याला २५० युरो मिळत होती. उत्पन्न वाढेल तशी ती उतरत जाते.

आपल्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी तिची तुलना करू नये. आपल्याकडे रुग्ण आजारी पडून रुग्णालयात पोचला की आरोग्यमित्र कागद पाहतो आणि शासन उपचारांचे पैसे रुग्णालयाला देते. तिकडे आजाराचा संबंधच नाही. विम्याचा हप्ता आपण पूर्ण भरायचा आणि मदत आपल्या बँक खात्यात साधारण वीस तारखेला, पुढच्या महिन्यासाठी, जमा होते. मागितल्याशिवाय मात्र ती मिळत नाही, आणि तुम्ही पात्र आहात हे कोणी घरी येऊन सांगतही नाही.

पात्रता कोणाला, हे आधी पाहावे. २०२५साठी उत्पन्नाची मर्यादा एकट्या व्यक्तीला वर्षाला ३९,७१९ युरो आणि जोडप्याला मिळून ५०,२०६ युरो होती. तीस वर्षे पूर्ण झालेल्या उच्चकुशल कामगाराच्या परवान्यालाच २०२५मध्ये महिना ५,६८८ युरो पगार लागत होता. त्यामुळे आयटी कंपनीमार्फत जाणाऱ्या अशा मंडळींनी या योजनेचा विचार मनातून काढून टाकावा. तीसच्या आतले, पीएचडी करणारे, पदवीनंतर नोकरी शोधण्याच्या वर्षात असलेले आणि अर्धवेळ काम करणारे विद्यार्थी यांनी मात्र हिशेब जरूर करून पाहावा.

विद्यार्थ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. केवळ शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला सहसा मूलभूत विमा घेताच येत नाही. त्याने विद्यार्थ्यांसाठीचा खासगी विमा घ्यायचा असतो, आणि त्यावर सरकारी मदत नाही. पण त्याने पगारी नोकरी धरली, मग ती आठवड्यातून एक संध्याकाळ हॉटेलात भांडी घासण्याची का असेना, की मूलभूत विमा बंधनकारक होतो आणि त्याच्याबरोबर मदतीचा हक्कही येतो. नोकरी सुटली की दोन्ही थांबवावे लागतात. ‘चार तासांचेच तर काम आहे’ म्हणून विमा न बदलणारी मुले मी पाहिली आहेत. काही महिन्यांनी त्यांच्याकडे आधी ताकीद आणि मग दंडाचे पत्र येते.

क्रम असा ठेवावा. पोचल्यावर नगरपालिकेत पत्त्याची नोंद करून बीएसएन हा नागरिक क्रमांक घ्यावा. विवाहितांनी लग्नाचा आणि सर्वांनी जन्माचा दाखला ॲपॉस्टिल करून न्यावा, आणि दाखला केवळ मराठीत असेल तर भाषांतराची सोय निघण्यापूर्वीच करावी. त्यानंतर स्वतःच्या नावाचे बँक खाते, मग चार महिन्यांच्या आत विमा. या मुदतीत घेतलेला विमा बंधन सुरू झाल्या दिवसापासून लागू धरला जातो, म्हणून मागील महिन्यांचा हप्ताही एकदम भरावा लागतो. त्या महिन्यांसाठीही मदत मागता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शेवटी डिजिडी हे सरकारी कामांचे लॉगिन घेऊन ‘तूस्लाख’ म्हणजे अशी मदत देणाऱ्या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर अर्ज करावा. अर्जाला शुल्क नाही. पैसे घेऊन ‘करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती आपला डिजिडी कधीही देऊ नये.

डिजिडीचा कोड टपालाने येतो. माझ्या ओळखीच्या सिडकोतल्या एका मुलीने तीन वेळा अर्ज केला आणि तिन्ही वेळा तिला पत्र मिळाले नाही. मी तिच्याकडे गेलो तेव्हा दारावरच्या पत्रपेटीला जुन्या भाडेकरूचे नाव चिकटलेले होते आणि तिचे कुठेच नव्हते. वहीच्या कागदावर आडनाव लिहून चिकटपट्टीने लावले, चौथे पत्र त्याच आठवड्यात हाती पडले.

आता सर्वांत महत्त्वाचे. दरमहा येणारी रक्कम ही उचल असते. अर्ज करताना तुम्ही उत्पन्नाचा अंदाज सांगता. वर्ष संपून करविभागाकडे खरे आकडे आले की अंतिम हिशेब होतो आणि जास्त घेतलेले परत मागितले जाते. २०१२मध्ये मी पगाराच्या पावतीवरचा आकडा बाराने गुणून मोकळा झालो. मे महिन्यात मिळणारा आठ टक्के सुट्टीभत्ता धरला नाही. पत्नी तेव्हा नाशिकला शिकवत होती, तिचा पगार तर डोक्यातही आला नाही. पुढे जास्त घेतलेले पैसे परत करण्याचे पत्र आले. चूक सर्वस्वी माझी होती. चोवीस महिन्यांच्या हप्त्यांची सवलत मिळाली म्हणून निभावले.

त्यामुळे अंदाज करताना जगभरचे उत्पन्न धरावे. सप्टेंबरमध्ये गेलात तर जानेवारीपासून भारतात मिळालेला पगारही त्या वर्षात येतो. लग्न झालेले असेल तर जोडीदार नाशिकला असला तरी तुमचा भागीदार मानला जातो, त्याचे उत्पन्न मोजले जाते. त्याचा डच विमा नसल्यामुळे मदत मात्र जोडप्याच्या रकमेच्या निम्मीच मिळते. पगारात बदल, लग्न, जोडीदाराचे येणे यांपैकी काहीही घडले की चार आठवड्यांच्या आत संकेतस्थळावर कळवावे. शंका असल्यास उत्पन्न थोडे जास्तच लिहावे. कमी मिळालेले नंतर हिशेबात मिळते.

मालमत्तेचीही मर्यादा आहे, आणि आपल्या भागातली माणसे इथे हमखास अडखळतात. १ जानेवारी २०२५ रोजी एकट्याची मालमत्ता १,४१,८९६ युरोंपेक्षा आणि जोडप्याची १,७९,४२९ युरोंपेक्षा जास्त असेल तर त्या वर्षासाठी काहीच मिळत नव्हते. यात नाशिकच्या बँकेतली मुदतठेव येते, वडिलांनी आपल्या नावावर घेऊन ठेवलेला इंदिरानगरचा फ्लॅट येतो, आणि आजोबांच्या पश्चात वारस म्हणून सातबाऱ्यावर लागलेले नावही येते. दिंडोरीच्या द्राक्षबागेकडे कधी फिरकला नसाल, तरी तिच्यातला तुमचा हिस्सा कागदोपत्री तुमचाच आहे. निघण्यापूर्वी घरच्यांना स्पष्ट विचारून, कोणत्या उताऱ्यावर आपले नाव आहे याची यादी करून घ्यावी. आईवडिलांना हा प्रश्न जरा टोचतो, वाटणीचा विषय काढल्यासारखे वाटते. मदत मागण्यासाठी माहिती हवी आहे असे आधीच सांगावे.

कायमचे परतताना विमा आणि मदत दोन्ही थांबवल्याची खात्री करावी, पण बँक खाते लगेच बंद करू नये. अंतिम हिशेब तुम्ही नाशिकला स्थिरावल्यावरच येतो. कधी शंभर युरो मिळायचे असतात, कधी द्यायचे असतात. नगरपालिकेत नोंद रद्द करताना नाशिकचा पूर्ण पत्ता पिनकोडसह द्यावा, आणि त्या पत्त्यावर राहणाऱ्यांना सांगून ठेवावे की डच भाषेतले पाकीट आले तर ते रद्दीत घालू नये.