रानात जाताना कोणता रंग घालावा?

उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला जाताना फिकट रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घाला. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि काळं कापड ऊन शोषून घेतं. मात्र झिरझिरीत पांढऱ्या कापडातूनही ऊन आत शिरतं. वीण घट्ट हवी. फिकट कपड्यावर चढलेली गोचीड लगेच दिसते, हा वरचा फायदा. आग्या मोहोळाच्या भागात तर काळं टाळाच. चवताळलेल्या माश्या गडद रंगावर आधी धावतात, म्हणून डोक्याचे काळे केसही दुपट्ट्याने झाका.

खाकी-हिरव्याची हौस जिप्सीतल्या पर्यटकांनी करावी. आपल्याला सोबतची माणसं झाडीत दिसायला हवीत.

विळा, कुऱ्हाड, पाण्याची कॅन पालापाचोळ्यात हमखास हरवते. मुठीला भडक चिंधी बांधा, पण लाल नको. अंधारू लागलं की लाल रंग डोळ्यांना काळपट दिसतो. पिवळी किंवा पांढरी बरी. खताच्या रिकाम्या पोत्याची पट्टी फुकटात होते. सांजेला बैलबंडी सडकेवर न्यायची असेल, तर मागे रिफ्लेक्टरची पट्टीच लावा, तिथे चिंधीने भागत नाही.